निळी, पांढरी आणि चौथऱ्यावरचा गोपीचंद

गोपीचंदची व्हॅन चाळीसच्या वर जात नाही. चाळीस ओलांडलं की तिचं मागचं दार खुळखुळायला लागतं, आणि आत पवनीच्या शाळेत जाणारी लेकरं कोंबलेली असतात. त्यांच्या आयांनी गोपीचंदला बजावून ठेवलं आहे, की उशिरा पोचली तरी चालतील, पण सगळी पोचली पाहिजेत. गोपीचंदला ते मनापासून पटतं. रस्त्यात म्हैस दिसली तर तो गाडी थांबवतो. म्हैस शेतात असून नुसती रस्त्याकडे तोंड करून उभी असली, तरी थांबवतो. आणि हाच माणूस, बरं का, जगातली कुठली गाडी किती सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाते, ते झोपेतून उठवलं तरी सांगतो.

साध्यासुध्या गाड्यांशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला लागतात दिसायला तहसीलदाराच्या गाडीसारख्या, पण अंगात वारं भरलेल्या गाड्या. चार दारं, मागे डिक्की, मालकाच्या बायकोला ऐसपैस जागा, आणि बॉनेटखाली पाचशे घोडे. अशा दोन कंपन्यांच्या दोन गाड्या रिकाम्या सरळ रस्त्यावर शेजारीशेजारी उभ्या करायच्या, कोणीतरी हात खाली टाकला की सोडायच्या, आणि पुढे कोण जातं ते बघायचं, असे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने सापडतात. गोपीचंदने ते सगळे बघून टाकले आहेत. त्यातलं इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नाही. पण कोणती गाडी सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरवत बसते, कोणती चारही चाकांनी जमीन धरते, कोणती आधी मागे राहते आणि नंतर दुसरीला गिळते, हे कळायला त्याला भाषा लागत नाही. गाड्यांची नावं तोंडात बसत नाहीत म्हणून तो त्यांना रंगाने ओळखतो, बैलजोड्या ओळखाव्या तशा. काल करडीनं लालीले मारलं, असं तो न्हाव्याकडे बसून सांगतो, आणि न्हावी वस्तरा थांबवून ऐकतो.

सीताबाई, त्याची बायको, हे ऐकून ऐकून विटली आहे. तिचं म्हणणं एवढंच, की चाळीसच्या माणसानं शंभराच्या गोष्टी करू नयेत. गोपीचंदला हेही पटतं. लोकांना तो स्वतःच सांगतो, की बाप्पा, मी हॉटेलाबाहेर उभा राहून पाटीवरचे भाव वाचणारा माणूस, त्यावरच माझं पोट भरते. असल्या गाडीला त्याने कधी हात लावला नव्हता, आत बसणं तर सोडाच. नागपूरला एकदा सिग्नलवर एक दिसली होती. तिच्याकडे बघता बघता हिरवा दिवा पडून गेला, आणि मागच्या रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

पण हे वेड त्याला उगीच लागलेलं नाही. गोपीचंद बेलटोल्याचा. जुनं बेलटोला आज गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि माणसं नव्या वस्तीत आहेत. त्या जुन्या गावात दरवर्षी शंकरपट भरायचा, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेजारीशेजारी दोन सरळ वाटा, एकेका वाटेवर एकेक जोडी, मागे इवलासा छकडा आणि त्यावर हाकणारा धुरकरी. वाटा जिथे संपतात तिथे दोन्हींच्या बरोब्बर मधोमध झेंडीवाला उभा राहायचा. जोड्या त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जायच्या, आणि जिचं नाक पुढे, तिच्या बाजूला तो झेंडी पाडायचा. बस्स, संपला विषय. बैल अंगावर येत असताना पापणी न लववता उभं राहायचं, एवढंच त्या कामाचं शिक्षण. गोपीचंदकडे दुसरं कोणतंच नव्हतं, हे एक होतं. जमीन बेताची, चेहरा त्याहून बेताचा. पण पटाच्या दिवशी दहा गावचे पाटील त्याच्या मनगटाकडे टक लावून बघायचे.

पाणी यायच्या आधी जो शेवटचा पट झाला, त्यात शेवटची लढत यादोरावच्या आणि घनश्यामच्या जोडीत लागली. झेंडी यादोरावच्या बाजूला पडली. घनश्यामने तिथेच, भर मैदानात, सांगून टाकलं की याचे डोळे मिटले होते. पुढे गाव उठलं, पाणी आलं, बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, कालांतराने ती उठलीसुद्धा. पण घनश्यामचं ते वाक्य जागचं हललं नाही. लग्नात, तेरवीत, ग्रामसभेत, जिथे गोपीचंद दिसेल तिथे तो शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणणार, आले डोळेमिटे. गोपीचंदशी मात्र सरळ एक शब्द बोलणार नाही. गोपीचंद ज्या पंगतीला बसला, त्या पंगतीतून घनश्याम उठून गेला, असं तर कितीदा झालं.

गोपीचंद स्वतःची टर उडवण्यात कोणाला हार जाणारा नाही. त्याच्या व्हॅनवर हसा, त्याच्या टकलावर हसा, तो आणखी दोन गोष्टी जोडून देईल. या एका गोष्टीवर मात्र तो हसत नाही. त्याचे डोळे उघडे होते. आयुष्यात त्याला पक्की ठाऊक असलेली ही एकच गोष्ट, आणि तीच ज्याला पटवायची तो माणूस ऐकायला तयार नाही.

पट गेल्यावर सीताबाईने झेंडी धुऊन पेटीच्या तळाशी ठेवली. मग एक दिवस मुलीने, अपेक्षाने, तिचा जुना मोबाइल बापाला दिला, आणि गोपीचंदला त्यात दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दिसल्या. समोर सरळ वाट. कोणीतरी हात खाली टाकला. गोपीचंद खाटेवर ताडकन उठून बसला. हा तर पटच आहे की! त्या दिवसापासून तो गाड्यांचा झाला, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे तो पटाचाच राहिला होता, फक्त बैल बदलले होते.

यंदा धान निघालं आणि गावाने ठरवलं, की संक्रांतीनंतर पट पुन्हा भरवायचा. समाजमंदिरात बैठक बसली. यादोराव अध्यक्ष. मैदान ठरलं, पाहुण्यांचं जेवण ठरलं, नाटकाची कंपनी ठरली, आणि गोपीचंद मागे बसून आपलं नाव येण्याची वाट बघत होता. तेवढ्यात घनश्यामचा मुलगा विक्की उठला. विक्की तुमसरच्या गिरण्यांना धान पुरवतो, चार पैसे राखून आहे, बोलायला फाकडा. त्याने सांगितलं की आता सगळीकडे मशीन लावतात, दोन खांब आणि मध्ये किरण, बैलाचं नाक लागलं की आकडा उमटतो. झेंडीबिंडी आता जुनी झाली, आणि झेंडीवाल्याचे डोळे कधी मिटतील याचा काय भरवसा. शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं, बापाचं होतं. घनश्याम भिंतीला टेकून छताकडे बघत होता.

गोपीचंदच्या कानशिलातून वाफ निघाली. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात बाहेर बघून एका रिकामटेकड्याने भलताच प्रश्न विचारला. समाजमंदिरासमोर त्या दिवशी दोन गाड्या उभ्या होत्या. एक निळी, विक्कीने त्याच महिन्यात नागपूरहून जुनी उचललेली. दुसरी पांढरी, यादोरावच्या मुलीची, रुचिकाची. ती नागपूरला हाडांची डॉक्टर आहे आणि सुट्टीला घरी आली होती. दोन्ही त्याच जातीच्या, चार दारं आणि पाचशेच्या घरातले घोडे. प्रश्न असा होता, की गोपीभाऊ, तू एवढा जाणकार, मग सांग, यातली कोणती पुढे जाईल?

शहाणा माणूस म्हणाला असता, मले का माहीत. पण गोपीचंदला असा प्रश्न विचारणं म्हणजे नळ सोडणं. त्याने सांगितलं की निळीत घोडे जास्त आहेत, पण तिची ताकद नुसती मागच्या चाकांना. सुटताना ती पाय घासणार. पांढरी चारही पायांनी उठणार. निळी नंतर खेचून आणेल, पण वाट लहान असली तर पांढरी जिंकेल, नाकभर फरकानं. त्याला वाटलं आपण गाड्यांबद्दल बोललो. बैठकीला ऐकू आलं, की यादोराव पुन्हा जिंकला आणि घनश्याम पुन्हा हरला, तेही नाकानं.

मग जो गलका झाला तो काही सांगायला नको. शेवटी यादोरावने टेबल आपटून तोडगा काढला. रविवारी वस्तीच्या मोठ्या रस्त्यावर दोन्ही गाड्या सोडायच्या. झेंडी गोपीचंद पाडेल. त्याचा निकाल दोन्ही घरांनी मानला, तर पटाची झेंडी त्याची. नाही मानला, तर मशीन. रुचिका कपाळाला हात लावून म्हणाली की बाबा, तुमचा हा पोरखेळ आहे, पण कोणी ऐकलं नाही. विक्की तर तयारच होता. गोपीचंद घरी गेला आणि सीताबाईला म्हणाला की पेटी उघड. तिने झेंडी काढून दिली, आणि वर एवढंच म्हणाली, "तुमी पडान, पण झेंडी मळवू नका."

आता तो रस्ता. पुनर्वसनाची वस्ती ज्या साहेबाने कागदावर काढली, त्याने फूटपट्टी धरून मधोमध एक रस्ता आखला, इतका रुंद आणि इतका सरळ की पवनीतही तसा नाही. बाजार भरेल, बस येतील, असं त्याच्या मनात असावं. बाजार भरला नाही, बस येत नाही. रस्ता मात्र नाकासमोर चालत धरणाच्या पाण्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. अर्ध्या वाटेत त्याच्या मधोमध एक सिमेंटचा चौथरा आहे, छातीएवढा उंच, मागे दोन-तीन पायऱ्या. त्यावर कोणाचा पुतळा बसवायचा यावरून भांडण झालं, म्हणून तो रिकामाच राहिला. रस्ता त्याच्या दोन्ही बाजूंनी जातो. गोपीचंदने तो बघितला आणि त्याला भरून आलं. दोन वाटा, आणि त्यांच्या मधोमध उभं राहायला जागा! ही शर्यत जणू त्या साहेबानेच आखून ठेवली होती.

रुचिकाने त्याला विनवलं, की काका, बाजूला उभे राहा, घराच्या ओट्यावरून बघा. गोपीचंद म्हणाला, "बाजूले उभा रायला तं त्याले झेंडीवाला नाही म्हणत पोरी, त्याले पायणारा म्हणतेत." तिने मग एक अट घातली. रस्त्याकडेला, चौथऱ्याजवळ, दुसरं कोणी नको. सगळी गर्दी सुरुवातीच्या टोकाला, दोरीमागे. यादोरावने ते कबूल केलं. म्हणून रविवारी सकाळी सगळं बेलटोला त्या टोकाला जमलं, आणि या टोकाला चौथऱ्यावर एकटा गोपीचंद चढला, धुतलेला सदरा, हातात लाल झेंडी. दुरून कोणीतरी ओरडलं की आला बाप्पा पुतळा. गोपीचंदने हात वर करून आशीर्वादही दिला.

तिकडे दोन गाड्या शेजारीशेजारी लागल्या. त्याच्या उजव्या हाताला निळी यायची होती, डाव्या हाताला पांढरी. यादोराव मध्ये उभा राहिला आणि त्याने खांद्यावरचा दुपट्टा खाली टाकला.

गोपीचंदला आकडे पाठ होते, हे आधी सांगितलंच. चार सेकंदांच्या आत शंभर, हे त्याने न्हाव्याला सांगितलं होतं, व्हॅनमधल्या लेकरांना सांगितलं होतं, एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्याला जेवायला बसवून सांगितलं होतं. पण त्या व्हिडिओंत कॅमेरा नेहमी बाजूला असतो. समोर उभं राहून कोणी शूटिंग करत नाही, आणि का करत नाही, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. बैल येतो तेव्हा आधी धुरकऱ्याची आरोळी येते, मग खुरांचा आवाज, मग धूळ, मग बैल. आणि बैलाला डोळे असतात. माणूस दिसला की त्यालाही तो टाळायचाच असतो. इथे तसलं काही नाही. निळीने सुटताना मागची चाकं घासली, धूर निघाला, पांढरी पुढे उठली, इथपर्यंत गोपीचंदने नीट पाहिलं आणि मनात म्हटलंसुद्धा, की बघा, मी काय सांगितलं होतं! तेवढ्यात त्या दूरच्या दोन ठिपक्यांच्या दोन गाड्या झाल्या, गाड्यांच्या भिंती झाल्या, आणि पोटातून कोणीतरी गोपीचंदला सांगितलं, की आता मेलास.

त्याने डोळे मिटले. घट्ट, लहान लेकरासारखे.

दोन्ही बाजूंनी वाऱ्याचा तडाखा बसला. पायाखालचा चौथरा हादरल्यासारखा वाटला, तोल गेला, आणि काहीतरी धरावं म्हणून त्याचा उजवा हात उजवीकडे गेला. हातात झेंडी होती. धरायला काहीच नव्हतं. गोपीचंद गुडघ्यावर आला, आणि डोळे उघडले तेव्हा दोन्ही गाड्या पाण्याच्या बाजूला लाल दिवे लावून थांबत होत्या, आणि मागून अख्खं गाव ओरडत धावत येत होतं. निळी! निळी!

झेंडी निळीच्या बाजूला पडली होती.

आता बोला! तोंड उघडायच्या आधी त्याला खांद्यावर घेतलं गेलं. मागून काढलेल्या व्हिडिओंत नुसता धूर आणि धूळ होती. विक्कीला आणि रुचिकाला विचारून उपयोग नव्हता. शेवटाला दोघांच्या मध्ये चौथरा आला होता. खरं काय ते फक्त गोपीचंदलाच माहीत, असं गाव धरून चाललं होतं. आणि कौतुक कसलं, तर बैठकीत ज्याने पांढरी जिंकेल असं सांगितलं, त्यानेच आज स्वतःचं भाकीत मोडून निळीला झेंडी दिली. याला म्हणतात न्याय, असं यादोराव सगळ्यांना सांगत होता, आणि हरलेल्या गाडीचा बाप सांगत होता म्हणून ते आणखी भारी वाटत होतं. विक्कीने येऊन पाय धरले. म्हणाला, मशीन नको. पटाला काकाच पाहिजेत.

गोपीचंद गप्प राहिला. तो लबाड होता म्हणून नव्हे. आधी त्याला वाटलं श्वास आला की सांगू, मग वाटलं गलका थांबला की सांगू, आणि गलका थांबेपर्यंत त्याला ते सगळं आवडायला लागलं होतं. रुचिकाने जवळ येऊन विचारलं की काका, लागलं तर नाही ना, आणि मग हसून, की बरं, किती फरक होता? गोपीचंदच्या तोंडून निघून गेलं, "अर्ध्या बॉनेटाचा." स्वतःचा आवाज ऐकून त्यालाच घाम फुटला. नुसतं खोटं नाही, मापासकट खोटं! रुचिकाने मान डोलावली आणि विक्कीशी हात मिळवायला गेली.

आणि मग गर्दीतून घनश्याम आला. सावकाश आला, काठी टेकत. चौथऱ्याच्या कडेला गोपीचंद पाय सोडून बसला होता, त्याच्या समोर उभा राहिला. घनश्यामने खिशातून खर्र्याची पन्नी काढली, तळहातावर घासली, आणि ती गोपीचंदच्या पुढे धरली. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा विदर्भात कोणी कोणाला उगीच देत नाही, आणि घनश्यामने गोपीचंदला तर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"माहा शब्द मी वापस घेतो," घनश्याम म्हणाला. "डोळे चांगले आहेत तुहे."

जे ऐकायला गोपीचंदने एवढी वर्षं काढली, ते हेच. वाक्यही अगदी हेच. त्याने पन्नी हातात घेतली. फक्त ती उघडायची, चिमूटभर गालात धरायची, आणि मान हलवायची. झेंडी त्याची, पट त्याचा, पंगत त्याची. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात जे आलं त्याने त्याला रडावं की हसावं कळेना. ज्या दिवशी त्याचे डोळे टक्क उघडे होते, त्या दिवसासाठी त्याने शिव्या खाल्ल्या. आणि आज ते मिटले, तर त्याच माणसाने येऊन डोळ्यांची तारीफ केली. असला मूर्ख जन्म दुसऱ्या कोणाचा असेल असं त्याला वाटलं नाही.

"घनश्यामदादा," तो म्हणाला, "मी काईच पायलं नाही. आज माहे डोळे मिटले होते."

कोणाला कळेचना. विक्की म्हणाला, "मंग झेंडी कशी पाडली?"

"पाडली नाही गा. मीच पडत होतो, काईतरी धराले गेलो, झेंडी हातातच होती."

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळे. गोपीचंदही हसला, करतो काय? मग त्यानेच पुढचं सांगितलं, की अर्धं बॉनेटही आपण मनानेच बनवलं, बॉनेट किती लांब असतं तेसुद्धा आपल्याला धड माहीत नाही. लोक पोट धरून हसत होते. फक्त विक्कीचं तोंड पडलं होतं. जिंकलेलं हातातून गेल्याचा राग त्याच्या कपाळावर दिसत होता. तो म्हणाला, काका चूप राहिले असते तर कोणाचं काय बिघडत होतं? मग म्हणाला, पुन्हा पळवू, आत्ताच्या आत्ता. रुचिकाने किल्ली पर्समध्ये टाकली आणि सांगितलं, की मी याच रस्त्यावर एका माणसाला माझ्यामुळे गुडघ्यावर पडताना आरशात पाहिलं आहे, पुन्हा नाही पळवणार. मग निळी पुढे होती की पांढरी, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

यादोरावने उसासा टाकला. तो म्हणाला की ठरलं होतं तसं, निकालच नाही तर झेंडी कशी द्यायची. मशीनच आणावी लागेल, कबूल असेल त्यांनी हात वर करा. त्याला वाटलं थोडा वेळ कोणी हात वर करणार नाही. पण सगळ्यात आधी वर गेला तो गोपीचंदचाच हात. झेंडी अजून त्याच हातात होती, म्हणून ती वर फडकली, आणि लोकांना पुन्हा हसू आलं. मग बाकीचे हात गेले. गोपीचंदने झेंडीची घडी घातली. सीताबाई गर्दीतून पुढे आली, ती काढून घेतली, उलटसुलट बघितली, आणि मळली नाही एवढं बघून पदराखाली धरली. तिचे डोळे भरले होते, आणि ते कोणी बघू नये म्हणून ती त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर ओरडायला लागली.

गर्दी पांगू लागली. निळीच्या भोवती काही, पांढरीच्या भोवती काही. घनश्याम मात्र जागचा हलला नव्हता. गोपीचंदने खर्र्याची पन्नी त्याच्यापुढे परत धरली, की ही काही माझी नाही. घनश्यामने ती घेतली नाही. तो रस्त्याच्या टोकाकडे, पाण्याकडे बघत होता. जुनं मैदान त्याच बाजूला आहे, पाण्याखाली.

"अन् तवा?" त्याने विचारलं. "त्या आखरीच्या पटात?"

"तवा उघडे होते जी."

"कायवरून?"

गोपीचंदला विचार करावा लागला नाही. "तुमच्या बांड्या बैलाचं डावं शिंग टोकाले फुटलं होतं. ते माह्या छातीपासून हातभर होतं. त्याच्या नाकाले फेस होता. यादोरावच्या बैलाच्या नाकाले फेस नव्हता, अन् ते पुढं होतं. मले अजून दिसते."

त्या फुटक्या शिंगाला पटाच्या सकाळी घनश्यामने स्वतःच्या हाताने हळद लावली होती. ज्या माणसाने आत्ता जिंकलेली झेंडी, कोणी विचारलं नसताना, गावासमोर स्वतःचं हसं करून घेत टाकून दिली, त्या माणसाकडे तो वळला. काठी चौथऱ्याला टेकवली.

"मंग आमीच हरलो होतो," तो म्हणाला. "सरक गा तिकडे जरा."

गोपीचंद सरकला. घनश्याम पायऱ्या चढून त्याच्या शेजारी चौथऱ्यावर बसला, पन्नी त्याच्या हातातून घेतली, आणि खर्रा अर्धा अर्धा केला.